सिकलसेलच्या अभ्यासात पाड्यांना भागीदार करायचे, तर सुरुवात कोठून करावी?

प्रश्न – सातपुडापायथा

नमस्कार. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात शिकवते. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या पाच वर्षांखालील बालकांचा तीन वर्षे पाठपुरावा करण्याचा आमचा प्रस्ताव आहे. परदेशातील एक विद्यापीठ त्यात सहभागी असून निधीही मुख्यतः त्यांच्याकडूनच येणार आहे. कोणत्या बालकाला वारंवार ताप येतो, कोणाला किती वेळा रुग्णालयात दाखल करावे लागते आणि पाड्यापासून दवाखान्यापर्यंतच्या अंतराचा त्यात किती वाटा असतो, हे आम्हाला पाहायचे आहे.

गेल्या महिन्यात प्राथमिक बोलणी करण्यासाठी एका पाड्यावर गेले होते. तेथील एका वयस्कर गृहस्थांनी अगदी शांतपणे विचारले की, काही वर्षांपूर्वीही असेच लोक येऊन मुलांची बोटे टोचून गेले होते, त्या रक्तातून काय निघाले? ते पथक आमचे नव्हते, परंतु त्या गृहस्थांच्या दृष्टीने या खुलाशाला काहीच अर्थ नव्हता आणि माझ्यापाशी दुसरे उत्तरही नव्हते. परत आल्यावर मी आमचा प्रस्ताव पुन्हा वाचला. ‘स्थानिक भागीदारी’ या मथळ्याखाली आम्ही दोनच गोष्टी लिहिल्या आहेत: आशा स्वयंसेविकांच्या मदतीने घरे गाठणे आणि ग्रामपंचायतीचे पत्र घेणे. वाचताना ओशाळल्यासारखे झाले.

क्षेत्रावर काम केलेल्यांना माझे विचारणे असे आहे की, ज्यांचे रक्त आपण घेणार त्यांचा या अभ्यासात खरा वाटा असावा असे वाटत असेल, तर प्रस्तावात आणि प्रत्यक्ष कामात नेमके काय बदलावे?

प्रतिसाद – जुना फिरस्ता

आपला विषय सिकलसेलचाच असल्यामुळे गडचिरोलीचे उदाहरण देणे भाग आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय सिकलसेल हाच होता. आजार जिल्ह्यात आढळला आणि शास्त्राच्या दृष्टीने ती मोलाची माहितीही होती. परंतु ‘हा प्रश्न लोकांनी मांडलेला नव्हता, तो आमच्या कुतूहलाचा होता,’ अशी कबुली डॉ. अभय बंग यांनी स्वतः पुढे दिली आहे. मला त्यांच्या नंतरच्या गाजलेल्या यशापेक्षा ही कबुली अधिक महत्त्वाची वाटते, कारण त्यानंतर त्यांच्या कामाची दिशाच बदलली.

वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच कार्यक्रमांची तोवरची समज होती, तिला या एका अभ्यासाने धक्का दिला.

पुढे नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला गेला आणि त्यातील कामाची रचना आपण बारकाईने पाहावी असे सुचवतो. ३९ गावांतील थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे सगळे त्या घरी जाऊन करीत. अभ्यासापूर्वी या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५.५ वर आला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते त्यातील मर्म असे की, घरोघरी जाऊन माहिती नोंदवणारी आणि आजारी बाळावर उपचार करणारी बाई एकच होती. माहिती घेऊन निघून जाणारा कोणी परका त्या घराने पाहिलाच नाही.

या संस्थेच्या दवाखान्याचेही असेच आहे. तो आदिवासी पाड्यासारखा बांधलेला आहे आणि त्याला माँ दंतेश्वरी या आदिवासींच्या देवीचे नाव आहे, कारण लोकांना मोठ्या इस्पितळाच्या इमारतीची भीती वाटत होती आणि दवाखाना कसा असावा हे त्यांनाच विचारण्यात आले होते. ही सजावटीची बाब आहे असे समजू नये. लोक दवाखान्यात आलेच नाहीत, तर आपल्या अभ्यासातील ‘रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण’ हा आकडा आजाराविषयी काहीच सांगणार नाही.

तेव्हा पहिल्या दोन-तीन भेटींना प्रश्नावली नेऊच नका, एवढाच माझा सल्ला आहे. त्या गृहस्थांच्या पाड्यावर पुन्हा जा आणि मुलांच्या कोणत्या दुखण्याने झोप उडते ते विचारा. उत्तर सिकलसेल नसेलही, आणि तसे निघाले तर प्रस्ताव बदलण्याची तयारी ठेवावी लागेल.

प्रतिसाद – गटप्रवर्तक

मॅडम, मी एका डोंगराळ तालुक्यात गटप्रवर्तक आहे आणि माझ्याकडे वीसहून अधिक आशाताई आहेत. वरील प्रतिसाद आवडला, तरी थोडी दुसरी बाजू मांडते. गडचिरोलीच्या त्या कामावरूनच २०११ पासून देशभरातील आशांना नवजात बालकांच्या गृहभेटी देण्याचे काम मिळाले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर सहा भेटी, घरी झाले तर सात भेटी, आणि बेचाळीस दिवस पुरे झाल्यावर २५० रुपये. बाळाचे वजन कार्डावर हवे, लसी झालेल्या हव्यात, जन्मनोंदणी हवी आणि माय-लेकरू दोघेही सुखरूप हवे, या अटी पूर्ण झाल्यावरच हे पैसे निघतात. प्रयोगातील आरोग्यदूतांच्या पाठीशी संस्था, प्रशिक्षण आणि नियमित देखरेख होती. आमच्या आशांपाशी रजिस्टरांचा ढीग आहे. म्हणून ‘आशांच्या मदतीने’ हे दोन शब्द प्रस्तावात आले की माझ्या पोटात गोळा येतो. मदत म्हणजे किती भेटी, कोणत्या महिन्यात, दर भेटीला किती मोबदला आणि तो कोणाच्या खात्यातून, हे आधी कागदावर लिहा. मोबदला नियमित कामाच्या भत्त्यात अडकवू नका, नाहीतर अभ्यास संपेपर्यंत त्याची वाट पाहावी लागेल.

दुसरे म्हणजे वेळापत्रक. दिवाळीनंतर सातपुड्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात, लहान मुले सोबतच असतात, आणि होळीला माणसे गावी परततात. डिसेंबर-जानेवारीत सर्वेक्षण केले तर कुलूपबंद घरे मोजाल आणि नेमकी सर्वांत गरीब घरांतील मुले तुमच्या यादीतून गळतील. तीन वर्षांच्या पाठपुराव्यात ही मुले ‘संपर्क तुटलेली’ म्हणून लिहिली जातील. वस्तुतः ती ऊसाच्या फडावर असतील. एखादे मूल तिकडे आजारी पडले तर तेथील दवाखान्याला त्याचा सिकलसेल कळावा म्हणून आईजवळ एक साधे कार्ड आणि फोन करण्यासाठी एक क्रमांक द्या. अभ्यासाला त्याचा उपयोग होईलच, त्या आईला अधिक होईल.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. रक्ततपासणीचा अहवाल परत द्यायचा तर तो सर्वांसमोर वाचून दाखवू नका. वाहकाकडे सिकलसेलचे एकच जनुक असते आणि तो सहसा आजारी नसतो, पण वाहक आणि रुग्ण यांतला हा फरक पुष्कळांना माहीत नसतो. निव्वळ वाहक असलेल्या मुलीचे नाव गावभर झाले तर तिचे लग्न अडू शकते. अहवाल घरी जाऊन, आईवडिलांना, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाने समजावून सांगावा. मराठीत सांगितले तर ते मान डोलावतील आणि त्यांना काही कळले नाही हे तुम्हाला कळणार नाही.

प्रतिसाद – समितीचा सदस्य

मी एका संस्थेच्या, संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समितीवर आहे, म्हणून कागदपत्रांच्या अंगाने लिहितो. हा भाग कंटाळवाणा असला तरी भागीदारी पुष्कळदा तेथेच फसते.

ग्रामपंचायतीचे पत्र किंवा ग्रामसभेचा ठराव घ्यावा, आणि धडगाव अनुसूचित क्षेत्रात असल्याने ग्रामसभेला तेथे पेसा कायद्यामुळे (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या कायद्यामुळे) विशेष स्थान आहे, हेही ध्यानात ठेवावे. मात्र गावाने होकार दिला म्हणून आईवडिलांची स्वतंत्र संमती टळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. पालकाला वाचता येत नसेल, तर संमतीच्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम जिल्ह्यात २००९ मध्ये एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीच्या प्रकल्पात अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या असल्याचे उघड झाले. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवण्यात आला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, तरीही संसदीय समितीने २०१३ मध्ये संमतीच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले, आणि एका उपयुक्त लशीविषयीचा संशय पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. सही कोणाची, हा प्रश्न किती महाग पडतो ते यावरून दिसते.

परदेशी निधी असल्याने आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागेल. त्या अर्जासोबत विद्यापीठाशी जो करार जोडाल, त्यात रक्ताचे नमुने कोठे साठवले जातील, किती काळ, आणि उरलेल्या नमुन्यांवर पुढे जनुकीय संशोधन करता येईल की नाही, हे स्पष्ट लिहावे. शक्य तेवढी तपासणी इथेच करावी आणि त्यासाठी लागणारे यंत्र अभ्यास संपल्यावर जिल्हा रुग्णालयाकडे राहील, अशी अट घालावी. शोधनिबंधाचे पहिले नाव कोणाचे असेल, हेही आताच ठरवा. नंतर ठरवायचे म्हटले की ते कधीच आपले नसते, असा माझा तरी अनुभव आहे.

चांगले उदाहरणही द्यायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या काळात शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्यसेवेचे काम उभे केले. संशोधन केंद्र त्याच पायावर पुढे वाढले आणि २००२ पासून तेथील २२ गावांत लोकसंख्येची आणि आरोग्याची सलग नोंद ठेवली जाऊ लागली. रोटाव्हॅक या रोटाव्हायरसच्या जुलाबांविरुद्धच्या भारतीय लशीची चाचणी सुमारे ६,८०० बालकांवर झाली, तेव्हा दिल्ली आणि वेल्लोर यांच्यासोबत तिसरे केंद्र पुण्याचे, म्हणजे वढू परिसराचे होते. २०१४ मध्ये त्या लशीला परवाना मिळाला आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात येऊ लागली. दवाखाना आधी आणि चाचणी पुष्कळ नंतर, हा क्रम मला निर्णायक वाटतो. तीन वर्षांच्या अनुदानात आपल्याला तो जमणार नाही, हे उघड आहे. म्हणून आधीपासून तेथे टिकून असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाच अभ्यासाचे ठिकाण करावे, वेगळे ‘संशोधन कार्यालय’ थाटू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर – सातपुडापायथा

आपणा तिघांचे आभार. काल सहकाऱ्यांशी आणि विद्यापीठातील प्रमुखांशी बोलणे झाले. सुरुवात होळीनंतर करायची, आणि त्याआधीच्या भेटी प्रश्नावलीविना द्यायच्या, हे त्यांनी मान्य केले. यंत्राची अटही बहुधा मान्य होईल. नमुन्यांवरील पुढील संशोधनाबाबत मात्र ते अडून बसले आहेत. ‘जुना फिरस्ता’ यांनी म्हटल्याप्रमाणे लोकांनी वेगळाच प्रश्न सांगितला तर काय, हा पेचही सुटलेला नाही, कारण अनुदान सिकलसेलच्या नावानेच मंजूर होणार आहे. निदान निम्मा प्रवासखर्च आणि एक परिचारिका लोकांनी सांगितलेल्या कामासाठी राखून ठेवता येईल का, हे पाहत आहे.

प्रतिसाद – गटप्रवर्तक

परिचारिका स्थानिक घ्या, मॅडम. आणि पाड्यावर पुन्हा जाण्याआधी एक काम करा. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरील औषधाच्या कॅप्सूल आज शिल्लक आहेत का आणि त्या सुरू केलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशी (या औषधाने त्या कमी होऊ शकतात) मोजण्याची सोय कोठे आहे, ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून घ्या. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्या खूप वाढल्या आहेत, त्यामुळे आजार निघाला की लोकांचा पुढचा प्रश्न औषधाचाच असतो. ते गृहस्थ या वेळी बहुधा तेच विचारतील.