पेज गेलं, गिऱ्हाइकांचे पैसे पण गेले. आता इन्स्टावर धंदा ठेवावा का नाही?

सांबारवडी_घरची
नागपुरात प्रतापनगरला आई घरूनच सांबारवडी (कोथिंबिरीची वडी), चकल्या, अनारसे करून विकते, इन्स्टाचं पेज मी पाहते, सहा वर्षं झाली. दिवाळीच्या आठ दिवस आधी डीएम, म्हणजे इन्स्टावरचा खासगी मेसेज, आला की तुमच्या रीलमधल्या गाण्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, 24 तासांत उत्तर द्या नाहीतर अकाउंट बंद. आता गाणं आम्ही खरंच वापरलं होतं ना! बिझनेस अकाउंटवर सिनेमाची गाणी धड मिळत नाहीत म्हणून मीच अकाउंटचा प्रकार बदलून घेतला होता, त्यामुळे पोटात गोळाच आला. लिंक उघडली, पासवर्ड टाकला, ओटीपी आला तोही टाकला. दहा मिनिटांत मी माझ्याच पेजच्या बाहेर.

मग त्या माणसाने आमच्याच पेजवर स्टोरी टाकली, "फराळाचं ॲडव्हान्स बुकिंग, 30 टक्के सूट", आणि खाली स्वतःचा क्यूआर. 11 जणींनी मिळून 14,300 पाठवले. आईने सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने फराळ करून दिला. बाबा तेव्हापासून आमच्याशी नीट बोलून नाही राहिले. आईचं चुकलं का? आणि नवीन पेज काढावं का हा नादच सोडावा?

इतवारी_थान
सोड. स्पष्ट सांगतो पोरी. माझ्या आजोबांनी इतवारीत पगडी, म्हणजे मालकाला एकरकमी मोठी रक्कम, देऊन दुकान भाड्याने घेतलं, मालक दर वर्षी गुरगुरते पण उद्या ये आणि सामान उचल असं म्हणू शकत नाही, भाडे नियंत्रण कायदा आहे डोक्यावर. तुमच्या इन्स्टावर काय आहे? रात्री कुलूप बदललं तर सकाळी कोणाच्या दारात जाल? फोन नंबर तरी आहे का त्यांचा?

पैठणी_लाइव्ह
काका, आजोबांनी पगडी भरून ठेवली म्हणून तुम्ही आज हे बोलून राहिले. मी मनीषनगरला दुसऱ्या माळ्यावर दोन खोल्यांत राहते, धरमपेठ की बर्डीला दुकानाचं डिपॉझिट विचारून आली होती, ऐकूनच परत आली. लाइव्हवर साडी दाखवते, बाया "बुक" लिहितात, स्क्रीनशॉट येतो, पैसे येतात, सकाळी पार्सल. गडचिरोलीपासून पुण्यापर्यंत गिऱ्हाईक आहे. इन्स्टा-फेसबुक नसतं तर मी तुमच्याच दुकानात साड्यांच्या घड्या घालत असती.

इतवारी_थान
घड्या घालण्यात कमीपणा काय आहे बाई. आणि 4 ऑक्टोबर 2021 विसरल्या का? रात्री नऊच्या पुढे फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम ठप्प, घटस्थापना तीन दिवसांवर. त्या रात्री तुमचं दुकान कुठं होतं?

पैठणी_लाइव्ह
नाही विसरली, नऊ रंगांच्या साड्या समोर मांडून बसली होती. पाच-सहा तास गेले आणि झालं चालू. नागपुरात पहिल्या मोठ्या पावसात तुमच्या गल्लीत पाणी भरते तेव्हा दुकान किती दिवस बंद असते ते पण सांगा की.

रीलवाला_पोट्टा
दोघंही मुद्दा सोडून भांडून राहिले. मी सात दुकानांची पेजं सांभाळतो, सदरचं एक हॉटेल, एक सोनार, बाकी किरकोळ. पेज बंद पडणं वेगळं आणि पेज दुसऱ्याच्या हातात जाणं वेगळं. बंद पडलं तर धंदा बुडते, चोरीला गेलं तर नाव बुडते. 29 जून 2020 ला सरकारनं टिकटॉक धरून 59 ॲप बंद केले तेव्हा माझा एक दोस्त एका रात्रीत शून्यावर आला, पण त्याच्या नावानं कोणी पैसे तर नाही मागितले. ताई, इन्स्टा अकाउंटबद्दलची नोटीस डीएममध्ये देतच नाही बरं. त्यांनी पाठवलेले ईमेल सेटिंग्जमध्ये दिसतात, तिथं नसेल तर समजायचं चोर आहे. आणि ओटीपी एसएमएसवर नको, मोबाइलमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप लावा, बॅकअप कोड कागदावर लिहून देव्हाऱ्यात ठेवा.

सांबारवडी_घरची
हे सगळं आता कळते हो दादा. त्या दिवशी आठशे सांबारवड्यांची ऑर्डर होती, एका हातात झारा आणि एका हातात मोबाइल.

बँकेतला_भाऊ
माझं मत वाईट वाटेल पण लिहितो. आईने पैसे भरून द्यायलाच नको होते. क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे कोणाच्या नावावर जाऊन राहिले ते स्क्रीनवर दिसते, 11 पैकी एकीनेही वाचलं नाही? चूक त्यांची, भरपाई तुमची, हा कुठला न्याय. आज 14 हजार आहेत, उद्या 2 लाख असले तर घर विकणार का? असं भरत गेलं तर लोकांना वाटते विकणाराच जबाबदार आणि ते अजूनच डोळे मिटून पैसे पाठवतात.

खामल्याची_गिऱ्हाईक
भाऊ, दिवाळीच्या गडबडीत सहा वर्षांच्या ओळखीच्या पेजवर कोण नाव वाचत बसते? आम्ही क्यूआरवर भरवसा नाही ठेवत, काकूंवर ठेवतो. माझ्यासोबत दुसरीकडे असंच झालं होतं, त्या बाईंनी "आमचा काही संबंध नाही" लिहून मला ब्लॉक केलं. कायद्याने बरोबर असतील, पुन्हा मी त्यांच्याकडून काडीही घेतली नाही आणि कॉलनीच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं पण.

इतवारी_थान
या बाबतीत मी आईच्या बाजूने आहे. दुकानातल्या पोराने खोटी नोट घेतली तर नुकसान गल्ल्याचं, गिऱ्हाइकाचं नाही.

बँकेतला_भाऊ
काका तुमची उपमाच उलटी आहे, इथं चोर गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालून गेला, गल्ल्यात नाही. बरं ते असो, 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कोणी केला का? लवकर केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडकवता येते, उशीर झाला की ती पाच खात्यांतून फिरून एटीएममधून निघून जाते.

सांबारवडी_घरची
दोघींनी त्याच रात्री केला, त्यांची रक्कम होल्डवर आहे म्हणे. बाकीच्या नऊ जणींना चार दिवसांनी फराळ नाही आला तेव्हा कळलं, आणि मला त्यांना सांगताच नाही आलं कारण सगळ्यांच्या ऑर्डर डीएममध्ये होत्या, नंबर एकीचाही नव्हता. मला सगळ्यात जास्त हेच लागून राहिलं आहे. पत्ते सापडले ते कसे, तर आई कुरिअरच्या जुन्या पावत्या चिवड्याच्या डब्यात जमा करते, त्यावर मी तिच्याशी कितीदा भांडली असेन.

पैठणी_लाइव्ह
हे वाचून मीच आता वही घेऊन बसली. तीन वर्षांत दोन हजार पार्सल गेले असतील, नंबर सगळे चॅटमध्ये. काका, हसू नका.

इतवारी_थान
हसून नाही राहिलो. आमच्याकडे वही 1962 पासूनची आहे, पण त्यातले अर्धे लोक वारले आणि त्यांची पोरं ऑनलाइन घेतात. नातू पेज काढ म्हणून मागे लागला आहे, मी नाही म्हणतो, तो ऐकते कुठं.

रीलवाला_पोट्टा
काका नातवाला पाठवा माझ्याकडे, ऑथेंटिकेटर फुकट लावून देतो. ताई तुमच्या जुन्या पेजचं काय झालं? रिपोर्ट केलं ना?

सांबारवडी_घरची
ओळख पटवायला इन्स्टाला चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवून झाला, पण पेजवर माझा चेहराच नाही, फक्त वड्या आणि आईचे हात. पेज अजून त्या चोराकडेच आहे. काल त्याने अनारशाच्या फोटोवर क्रिप्टोची जाहिरात चिकटवली आणि आमच्या मामीने त्याला लाइक दिला.