यात्रेच्या दिवशी वर पाऊस किती? तीन अॅपवर तीन आकडे (मदत हवी आहे)

मानेवाडा_रोड
यात्रेला जायचं आहे आणि वरच्या पावसाचा ताळमेळ लागून नाही राहिला. शुक्रवार, 14 तारखेसाठी एक अॅप 4 मिमी दाखवतं, दुसरं 38, तिसऱ्यावर नुसतं विजेचं चित्र. मागच्या काही वर्षांचा रोजचा पाऊस कुठं मिळेल? तो पाहून दिवस ठरवतो. सुट्टीचा अर्ज आज संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे, लवकर सांगा.

पावसाळी_पुणेकर
केदारनाथ असेल तर ऑगस्टमध्ये जाऊच नका. 2013 च्या जूनमध्ये मान्सून वेळेआधी तिकडे पोचला, त्यात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून सरकत येणारं पावसाळी वातावरण) येऊन मिळाला, आणि पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

मानेवाडा_रोड
केदारनाथ नाही हो. नागद्वार! श्रावणात नागपूरहून दुसरी कोणती यात्रा निघते?

ढगवेडा
मग मध्य प्रदेशातलं पचमढी म्हणा ना भाऊ, पहिल्यांदाच सांगायचं. अॅपमध्ये ठिकाण कोणतं टाकलं होतं? पिपरिया टाकलं असेल तर तो आकडा खालच्या नर्मदा खोऱ्याचा. पचमढी त्याच्यापेक्षा साधारण सातशे मीटर उंच आहे आणि तिथलं धूपगड शिखर तर साडेतेराशे मीटरवर. दमट वारा सातपुड्याच्या कड्याला अडून वर चढला की थंड होतो आणि तिथंच रिकामा होतो. म्हणून पचमढीचा वर्षाचा पाऊस आपल्या नागपूरच्या जवळजवळ दुप्पट.

जुन्या नोंदी हव्या असतील तर हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडे 1901 पासूनचा रोजचा पाऊस फुकट मिळतो, पण तो पाव अंशाच्या चौकटीत. म्हणजे पंचवीसेक किलोमीटरचा एक तुकडा, त्यात डोंगर आणि खोरं एकत्र मिसळलेलं. आणि मागच्या वर्षी 14 तारखेला कोरडं होतं म्हणून यंदा राहील, असं अजिबात नाही.

धरमपेठ_ट्रेकर
एवढं कशाला? विंडी या हवामान अॅपवर युरोपीय मॉडेल लावा, पाच वर्षं मी तेच पाहतो. 9 किलोमीटरची चौकट आहे.

ढगवेडा
9 किलोमीटरमध्ये अख्खी दरी बुडते दादा. आणि आज तर 14 तारखेला नऊ दिवस बाकी आहेत. इतक्या लांबून एका दिवसाचा मिमीतला आकडा कोणतंच मॉडेल धड सांगत नाही.

धरमपेठ_ट्रेकर
माझं तर कधी चुकलं नाही. तामियाला दोनदा गेलो, दोन्ही वेळा बरोबर.

सावनेरचा_शेतकरी
आमच्याकडे नक्षत्र पाहतात. यंदा अधिक मासामुळं नागपंचमी 17 ला आली, म्हणजे आश्लेषा सरून मघा लागायचा वेळ. नाही पडल्या मघा तर वरती बघा, असं म्हणतात. आमच्या कपाशीलाही त्याच पावसाची वाट आहे. फवारणी कधी करावी, कोणी सांगेल का?

चिखलदरा_प्रेमी
आईबाबांना घेऊन धुकं पाहायचं तर चिखलदराच बरं. गाडी वरपर्यंत जाते.

रेशीमबागची_ताई
अरे, कोणी हे विचारलं का की सोबत कोण आहे? एकटा जाऊन राहिला का तू?

मानेवाडा_रोड
आई आहे, 67 वर्षांची. तिचा नवस आहे. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दोन वर्षांपूर्वी एका अॅपवर कोरडं दाखवलं म्हणून छत्रीसुद्धा न घेता गेलो. लोखंडी शिडीवर असताना वरून पाण्याचा लोंढा आला, कठडा हाताला बर्फासारखा लागत होता. खाली उतरलो तेव्हा आईचे ओठ निळे पडले होते, दातावर दात वाजत होते. ते परत नको आहे.

रेशीमबागची_ताई
हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं रे. पावसाइतकीच तिथली थंडी महत्त्वाची. दर किलोमीटर उंचीला साडेसहा अंश धरले तर पिपरियापेक्षा चार-पाच अंश कमी, त्यात अंगावर ओले कपडे आणि वारा. आईसाठी स्वेटर आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घे. नागपंचमीचा दिवस सोड, शिडीवर रांग थांबली की म्हातारी माणसं भिजत उभी राहतात.

ढगवेडा
ताई बरोबर सांगून राहिल्या. माझं म्हणणं: अर्जात 12 ते 14 असे तीन दिवस टाका, नेमका दिवस नंतर ठरवा. 9 तारखेपासून दोन गोष्टी पाहा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय का, कारण ते ओडिशा-छत्तीसगडवरून मध्य प्रदेशात सरकलं की सातपुड्यावर दोन-तीन दिवस झोडपतं. आणि मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांब पट्टा, कुठं आहे. तो हिमालयाच्या पायथ्याला गेला तर आपल्याकडे उघडीप मिळते. हवामान खात्याच्या इशाऱ्यात जिल्हा नर्मदापुरम बघा, छिंदवाडा नाही. ऑरेंज अलर्ट म्हणजे घरी बसा. खात्याच्या हिशेबात 24 तासांत 64.5 मिमीपासून 'जोरदार' आणि 115.6 पासून 'अति जोरदार', आणि तो दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणून सकाळी वाचलेला आकडा आदल्या दिवसाचा असतो. निघायच्या सकाळी तीन तासांचा तात्काळ इशारा नक्की पाहा. आणि वाटेत नाला गढूळ, काडीकचरा घेऊन येताना दिसला तर ओलांडू नका, डोक्यावर ऊन असलं तरी. पाऊस वर कुठंतरी पडलेला असतो.

धरमपेठ_ट्रेकर
तेवढंच विंडीवरही दिसतं.

मानेवाडा_रोड
12 ते 14 टाकले. ऑरेंज आला तर आईला आधीच सांगून ठेवलं आहे, नवस पुढच्या वर्षी फेडू. ताई, गुडघ्याला पट्टा शिडी चढताना बांधायचा की उतरताना?

रेशीमबागची_ताई
दोन्ही वेळा. आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना निघण्याआधी एकदा दाखव.