‘डब मिक्स’ला मराठीत काय म्हणायचं?

तिरफळ:
मंडळी, एक शब्द अडलाय, मदत करा. मी एका मासिकात दर महिन्याला नवीन काय ऐकावं यावर पानभर लिहिते. या वेळी डब, रेगे आणि डान्सहॉल या जमैकातल्या संगीताचे नेटवर मिळणारे नवे मिक्स, म्हणजे एकाला एक जोडून वाजवलेली गाणी, घेतले होते, मिक्सक्लाउडवर, साउंडक्लाउडवर ते कसे शोधायचे वगैरे. अंक हातात आला तर ‘डब मिक्स’चं सगळीकडे ‘डब केलेली मिश्र गाणी’ झालेलं, आणि दोन दिवसांनी एका वाचकांचा फोन, की मूळ गाणी तमिळ आहेत का तेलुगू. त्यांचं काहीच चुकलं नाही, आपल्याकडे डब म्हणजे दुसऱ्या भाषेतला आवाज चढवलेला सिनेमा, कोणीही तेच समजणार. पण जमैकाच्या राजधानीतला, किंग्स्टनचा डब बरोब्बर उलटा आहे हो! तिथे आवाज चढवत नाहीत, उतरवतात. गायकाचा आवाज काढून घ्यायचा, ड्रम आणि बेस उघडे ठेवायचे आणि मधेच एखादा अर्धा शब्द एकोमध्ये सोडून द्यायचा. पुढच्या महिन्यात दुसरा भाग द्यायचाय. मराठी शब्द करू, की डबच ठेवून शेजारी खुलासा देऊ?

हेमाडपंत:
शब्द करायलाच हवा. आपण प्रयत्नच न करता हात वर करतो याचं मला फार वाईट वाटतं. एकोला प्रतिध्वनी आहे, रिव्हर्बला निनाद आहे, दोन्ही शब्द नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात फरकासकट दिलेत. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला निदान ०.१ सेकंदाचं अंतर लागतं, म्हणजे भिंत साधारण सतरा मीटरवर हवी, त्याच्या आत असेल तर आवाज एकमेकांत मिसळून निनाद होतो. किंग्स्टनची ही डबवाली मुलं टेप फिरवून तीच सतरा मीटरची भिंत एका खोलीत उभी करत होती. मग ‘निनादमिश्रण’ का नको?

साडेपाचची_लोकल:
पंत, भिंतीचं आवडलं, पण निनादमिश्रण सर्चमध्ये टाकून बघा, एकही गाणं सापडणार नाही. ताईंचा लेख वाचून वाचक काय करणार, मोबाईल काढणार आणि तोच शब्द टाईप करणार ना. शब्द असा हवा की तो टाकला की गाणं वाजलं पाहिजे. डब ठेवा.

बारा_बलुतं:
मला तर कायम वाटत आलंय की डब हा आपल्या डफाचाच भाऊबंद आहे. शाहिराच्या डफावर जोरात थाप पडली की जो आवाज येतो ना, ‘डब्ब’, तोच. माझे आजोबा पोवाडे म्हणायचे, ते डफाला डबच म्हणायचे, घरात सगळे तसंच म्हणायचे.

शब्दवेडी:
दादा, आजोबा म्हणत असतील त्याबद्दल वादच नाही, पण नातं जुळत नाही. डफ फारसी-अरबीतल्या ‘दफ’वरून आला. डब इंग्रजीतल्या ‘डबल’चं तोडलेलं रूप, आधी सिनेमातलं डबिंग, मग ‘एकावरून दुसरी प्रत काढणे’ या अर्थाने रेकॉर्डिंगवाल्यांच्या तोंडी. जमैकात साउंड सिस्टीमवाले, म्हणजे मोठ्या पेट्या लावून लोकांना गाणी ऐकवणारे, गाण्याची एकच खास प्रत कापून घ्यायचे, ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा लेप दिलेली, ती डबप्लेट. थोडे दिवस वाजवली की झिजायची. साठचं दशक संपताना रूडी रेडवुड नावाचा स्पॅनिश टाउनचा साउंडवाला अशी एक प्लेट घ्यायला ट्रेझर आयल स्टुडिओत गेला आणि कापणाऱ्या इंजिनिअरकडून पॅरागॉन्स या गायकांच्या गाण्यातला आवाज घ्यायचाच राहिला. रूडीने रात्री तीच आवाजाविनाची प्लेट लावली, आणि समोर जमलेली माणसं स्वतःच गायला लागली. तिथून ‘व्हर्जन’, म्हणजे गाण्याची आवाजाविनाची आवृत्ती, सुरू झालं आणि व्हर्जनमधून डब. म्हणजे तिरफळताई, सिनेमाचा डब आणि किंग्स्टनचा डब एकाच आईची लेकरं आहेत, एक घरी राहिलं आणि एक परदेशी गेलं.

बारा_बलुतं:
असेल. आजोबांचं मी सोडत नाही मात्र.

म्हापशेकर:
आमच्याकडे गोव्यात घुमट आहे, मातीचा, एका तोंडाला चामडं. २०१९ साली त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं. तो वाजतो तेव्हा बेस अंगात शिरतो, कानात नाही. घुमणे हे क्रियापद किती छान आहे, ‘घुमवलेलं गाणं’ म्हणा ना. आणि गोव्यात ही रेगे-डबवाली मंडळी नवी नाहीत, २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव भरतोय, दिल्लीच्या रेगे राजाज् लोकांनी सुरू केलेला. तिथे मराठी पोरं भरपूर भेटतात, आणि सगळी ‘डब’च म्हणतात.

रानजाई:
मी शेतीतली आहे, गाण्यातलं फार कळत नाही, पण ताईंनी ‘काढून घ्यायचं’ म्हटलं आणि मला एकदम विरळणी आठवली. कांदा, गाजर, तीळ दाट उगवलं की मधली रोपं उपटतो, मग राहिलेल्यांना जागा मिळते. तसंच आहे का हे?

तिरफळ:
रानजाई, किती सुंदर! अगदी तसंच. डब करणाऱ्यांतला मोठा इंजिनिअर किंग टबी मुळात रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस, किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत आईच्या घरी त्याची खोली, तिथे बँड मावेल एवढी जागाच नव्हती. त्याच्याकडे यायच्या त्या दुसऱ्यांनी रेकॉर्ड केलेल्या टेप. डायनॅमिक साउंड्स स्टुडिओकडून घेतलेला वापरलेला चार ट्रॅकचा एमसीआय कंपनीचा मिक्सर, त्यावर एक मोठं फिरवायचं बटण. ते वळवलं की खालचा सगळा जडपणा छाटला जायचा, हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या संचातली झांज, नुसती पत्र्यासारखी सळसळत राहायची, आणि पुढच्याच मात्रेला तो बेस परत आत सोडायचा. त्या एका क्षणासाठी मी अजूनही रात्री दोन दोन वाजेपर्यंत मिक्स धुंडाळत बसते. नवा मिक्स चांगला की वाईट हे मी तेवढ्यावरूनच ठरवते, करणाऱ्याला काढून घ्यायचं धाडस आहे का. बरेच नवे लोक एकोवर एको थापतात आणि त्याला डब म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही.

हेमाडपंत:
‘विरळ’ घ्या मग. विरळ मिक्स. मी निनादमिश्रण मागे घेतो, हा शब्द खरंच मातीतला आहे.

मंद्रसप्तक:
थांबा थांबा, विरळणीत उपटलेलं रोप परत लावत नाहीत. डबमध्ये आवाज परत येतो, तुटका येतो, लांबून येतो, पण येतो. ऑगस्टस पाब्लोचा १९७६चा टबीबरोबरचा अल्बम ऐका, गायक जेकब मिलरचा आवाज असा मधे मधे उगवतो आणि जातो. विरळ म्हटलं की फक्त कमी केल्याचा अर्थ येतो.

दुसरं, ताई तुम्ही लेखात ‘रिडिम’ला ‘चाल’ लिहिलंत, तिथे मला बोलायचंय. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी पदाचा पहिला चरण छापलेला असतो, एका चालीवर दहा पदं, हे खरं. पण चाल म्हणजे सुरावट. रिडिम म्हणजे खालचा बेस आणि ड्रम, वर प्रत्येक गायक आपली वेगळी चाल बांधतो. आम्ही तबलेवाले याच्या जवळचं म्हणजे लेहरा म्हणू. लेहरा गोल गोल फिरत राहतो, एकच, आणि त्याच्या जोरावर तबलजी काय वाट्टेल ते वाजवतो. रिडिम म्हणजे लेहरा!

शब्दवेडी:
पण लेहऱ्याला कोणी नाव ठेवत नाही, म्हणजे चंद्रकंसातला लेहरा एवढंच. रिडिमला स्वतःचं नाव असतं, रिअल रॉक, स्टॅलॅग, स्लेंग टेंग. एका नावाखाली शेकडो गाणी.

पैलतीर:
लंडनहून. शब्दवेडीताईंनी जे म्हटलं तीच शोधायची किल्ली आहे, आणि शब्दाच्या वादात ती हरवू नये असं मनापासून वाटतं. गायकाच्या नावाने शोधाल तर तीच बॉब मार्लीची पंधरा गाणी पुन्हा पुन्हा येतील. रिडिमच्या नावाने शोधा. स्लेंग टेंग टाका, १९८५ची, निर्माता किंग जॅमीच्या घरची, गायक वेन स्मिथ आणि कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या की-बोर्डातला आधीच भरलेला ठेका. तो ठेका जपानात हिरोको ओकुदा या बाईंनी बनवलेला. तिथून अख्खं डिजिटल डान्सहॉल उघडतं. मग इंजिनिअरच्या नावाने शोधा, टबी, सायंटिस्ट, मॅड प्रोफेसर, ली पेरीचा ब्लॅक आर्क स्टुडिओ. मग मिक्सखालची गाण्यांची यादी वाचा आणि त्यातला ओळखीचा नसलेला एक लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, धरून पुढे जा. ज्या मिक्सखाली यादीच नाही तो मी सहसा उघडत नाही, दुसऱ्याच्या मेहनतीचं नाव न घेणं मला खटकतं. ‘स्टेपर्स’ आणि ‘वन ड्रॉप’ हे दोन शब्द टॅगमध्ये टाकून बघा, दोन वेगळी जगं आहेत, स्टेपर्समध्ये किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, प्रत्येक मात्रेवर, वन ड्रॉपमध्ये पहिली मात्रा रिकामी आणि जोर तिसरीवर.

आणि एक, मराठीत लिहिताना डीजे शब्द जपून वापरा. जमैकात डीजे म्हणजे माईक घेऊन बोलणारा, यू-रॉयसारखा, आणि तबकडी लावतो तो सिलेक्टर.

साडेपाचची_लोकल:
इथे तर डीजे म्हणजे माणूसच नाही, डीजे म्हणजे ट्रकवरच्या पेट्या! ‘वरातीला डीजे आणलाय’ म्हणजे भिंत आणलीय.

कौलारू:
आमच्या कोल्हापुरात त्याला डॉल्बी म्हणतात. डीजे नाही, डॉल्बी. डॉल्बी लावणे, डॉल्बीचा ट्रॅक्टर, डॉल्बीमुक्त मिरवणूक.

शब्दवेडी:
सांगलीतही डॉल्बीच. कंपनीच्या नावाचा असा शब्द झाला, डालडासारखा.

हेमाडपंत:
हे भूषणावह नाही. भिंत हा किती नेमका शब्द आहे, ‘ध्वनिभिंत’ म्हणा. डॉल्बी म्हणून आपण एका परदेशी कंपनीचं नाव गणपतीच्या मिरवणुकीला जोडतो.

कौलारू:
पंत, माझ्या घरासमोरून मिरवणूक जाते, कपाटाच्या काचा फ्रेममध्ये थरथरतात, वरच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून वाजतात, आई औषध घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसते. त्या वेळी माझ्या तोंडून डॉल्बी हाच शब्द येतो, ध्वनिभिंत येत नाही. त्रास होतो म्हणून शब्द बदलणार नाही ना.

पैलतीर:
कौलारू, त्रास खरा आहे, पण त्या पेट्यांचं मूळ वाईट नाही. पन्नाशीच्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत बँड बोलवायला पैसे नव्हते, रेडिओवर आपलं संगीत लागत नव्हतं, म्हणून लोकांनी पेट्या बांधल्या. इथे लंडनमध्ये नॉटिंग हिलच्या कार्निव्हलला ऑगस्टमध्ये आजही त्या रस्त्यावर लागतात. साउंड सिस्टीम ही तिथे वस्तू नाही, घराण्यासारखी आहे, नाव असतं, माणसं असतात, निष्ठा असते.

कौलारू:
मग घराणंच म्हणा की साउंड सिस्टीमला.

मंद्रसप्तक:
घराण्यात तालीम असते हो, गुरू असतो.

पैलतीर:
इथेही असतो. टबीच्या हाताखाली जॅमी, सायंटिस्ट तयार झाले, त्याला काय म्हणणार?

रानजाई:
मला एक विचारायचं होतं, ‘डान्सहॉल’ वाचलं की आमच्याकडे माणसं डान्सबार समजतात. मी भावाला ताईंचा लेख दाखवला तर त्याने तेच विचारलं.

तिरफळ:
हो, संपादकांनाही तीच धास्ती होती. त्यांनी ‘नृत्यगृह’ सुचवलं होतं, नाट्यगृहासारखं. पण तिथे बऱ्याचदा हॉलच नसायचा, मोकळं आवार असायचं, त्याला ते ‘लॉन’ म्हणतात. नाव जागेचं, पुढे ऐंशीच्या आसपास संगीताच्या एका तऱ्हेला तेच चिकटलं. नृत्यगृह लिहिलं तर खुर्च्या आणि पडदा डोळ्यांपुढे येतो.

बारा_बलुतं:
आणि रेगे? मी देवनागरीत ‘रेगे’ सर्च केलं तर सगळी आडनावं आली, पु. शि. रेगे, त्यांच्या कविता.

शब्दवेडी:
म्हणून काही जण ‘रेग्गे’ लिहितात, उच्चार तसा नाहीये पण निदान वेगळं दिसतं. मूळ शब्दाचं पण नक्की नाही, जमैकन बोलीत ‘रेगे-रेगे’ म्हणजे फाटके कपडे किंवा भांडण असं कोशात आहे, आणि जमैकन गायक टूट्स हिबर्टच्या १९६८च्या गाण्यात तो पहिल्यांदा संगीतासाठी आला.

म्हापशेकर:
आपले शब्द पण तिकडे गेलेत हे कोणी सांगतच नाही. १८४५ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे भारतीय मजूर जमैकात गेले, त्यांच्याबरोबर गांजा हा शब्द आणि चिलीम दोन्ही गेलं, आज रेगेत सगळ्यात जास्त ऐकू येणारा भारतीय शब्द तोच. आणि २००२ला लेंकी मार्सडनने रिडिम केला त्याचं नावच ‘दिवाली’, टाळ्यांवर चालणारा. शॉन पॉलचं त्याच्यावरचं गाणं २००३ला अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं.

हेमाडपंत:
तो ‘दिवाळी’ लिहा, ळ आपल्याकडे आहे.

पैलतीर:
विशेषनाम आहे पंत, ते बदलू नये. सर्च करताना तर मुळीच नाही.

हेमाडपंत:
नगरांची नावं आपण आपल्या उच्चाराने लिहितोच ना.

तिरफळ:
मंडळी, मला परवा लेख द्यायचाय. सध्या मी ‘डब’ ठेवतेय, पहिल्याच ओळीत ‘आवाज काढून घेतलेलं गाणं’ असं सरळ लिहितेय, आणि रानजाईंची विरळणी घेतेय, त्यांची हरकत नसेल तर. मंद्रसप्तकांचा आक्षेपही पुढच्याच वाक्यात येईल. डीजेवर वेगळी चौकट करते. आता एवढंच सांगा, ‘तो मिक्स’ की ‘ते मिक्स’? आणि रिडिम? मी तो रिडिम लिहिते, मुद्रितशोधकांनी लय स्त्रीलिंगी म्हणून ती रिडिम केलंय.

साडेपाचची_लोकल:
तो मिक्स.

कौलारू:
ते मिक्स. आमच्याकडे गाणं जसं ते, तसं मिक्स पण ते.

मंद्रसप्तक:
तो रिडिम, तो ठेका, तो लेहरा. लयीचा इथे संबंध नाही.

शब्दवेडी:
ती रिडिम मला कानाला बरी वाटते, पण कारण देता येणार नाही.

बारा_बलुतं:
आजोबा डफाला ‘ती डब’ म्हणायचे.