मदत हवी आहे: 450 आकाराच्या रिमोटवाल्या मॉडेल हेलीची शेपटी थरथरते, बेअरिंग बदलूनही फरक नाही

आडवा_वारा
तीन संध्याकाळ यात गेल्या. हेली वर उचलली की शेपटी थरथरते आणि स्किड (खालचे पाय) धूसर दिसावेत इतकी कंपनं येतात. मेन शाफ्टची दोन्ही बेअरिंग बदलली, बॉल लिंकही (दांड्यांच्या टोकाचे बॉलवर बसणारे सांधे) नव्या घातल्या, काडीचा फरक नाही. रविवारी उडवायचीच आहे. आता काय बदलू, एवढंच सांगा.

गिअर_आणि_मी
शेपटीचा पंखा फिरवायला बेल्ट की टॉर्क ट्यूब (फिरता दांडा)? फ्लायबारलेस (वर तोलाचा आडवा दांडा नसलेली) आहे का? आणि शेवटची कधी आपटली?

निळाई
जायरोचा (शेपटी स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरचा) गेन, म्हणजे संवेदनशीलता, उतरवा. माझ्याकडे हेच झालं होतं. दहा टक्के कमी केला आणि शेपटी खिळल्यासारखी उभी राहिली.

गिअर_आणि_मी
अहो, ते स्किड हलतायत म्हणतात, गेनने ते कसे थांबतील? कंपनं जायरोपर्यंत पोचली की त्याला हेली वळतेय असं वाटतं आणि तो शेपटीचा सर्वो (कोन बदलणारी छोटी मोटर) हलवत बसतो. आधी कंपनाचं मूळ शोधायला हवं.

जुना_पायलट
बॉल लिंक ढिल्या असतील तर बॉलला सुपरग्लूचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग लिंक बसवा. वर्षानुवर्षं करतोय.

निळाई
लिंक नव्या घातल्यात असं त्यांनी लिहिलंय. आणि ग्लू अर्धवट ओला राहिला तर लिंक अडकते, हवेत ते फार महागात पडतं.

जुना_पायलट
म्हणूनच पूर्ण वाळू द्या म्हटलं. शिवाय लायपो बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवत जाऊ नका, साठवताना सेलमागे 3.8 व्होल्ट. कंपनांनी बॅटरी सैल होते तेही बघा.

आडवा_वारा
बॅटरीचं कोणी विचारलं नाही. बेल्ट आहे, फ्लायबारलेस आहे. आपटली वगैरे नाही. महिन्यापूर्वी उतरताना गवतात कलंडली, पाती तुटली, नवी घातली.

गिअर_आणि_मी
हे आधी सांगायला हवं होतं! पाती तुटतात तेव्हा फेदरिंग शाफ्ट (दोन्ही पात्यांना जोडणारा आडवा दांडा) बहुतेक वाकतोच. मोटरच्या तीनपैकी दोन तारा सोडवा, मगच हात घाला. दोन्ही ग्रिप (पाती धरणारे भाग) काढा आणि शाफ्ट काचेवर लोळवा. सरळ करायचा प्रयत्न करू नका, नवाच घाला.

ग्रिपमधली थ्रस्ट बेअरिंगही (दोन चकत्या, मध्ये गोळ्या) उघडा. 35 ग्रॅमचं पातं, 2800 आरपीएम, वजन मध्यापासून 20 सेंटीमीटरवर धरा: बाहेरची ओढ 60 किलोच्या आसपास येते. ती सगळी त्या इवल्याशा गोळ्यांवर. मोठ्या भोकाची चकती हबकडे, म्हणजे मध्याकडे, लहान भोकाची बाहेर, बोल्टकडे. उलट बसली तर ओढ लागताच ग्रिप जड होते.

मेटलहेड
प्लास्टिकचं हेड (पाती बसतात तो वरचा भाग) काढून सगळं अॅल्युमिनियमचं घ्या. कायमची कटकट मिटेल.

निळाई
वाकडा शाफ्ट मेटल हेडमध्येही वाकडाच. उलट प्लास्टिक आपटल्यावर तुटतं आणि कळतं, मेटल वाकून सरळ असल्यासारखं दिसतं.

आडवा_वारा
काचेवर लोळवला. मधोमध खालून उजेडाची रेघ दिसते, अर्धा फेरा झाला की मिटते. एका ग्रिपमधल्या चकत्या उलट निघाल्या, त्या मीच पाती बदलताना तशा बसवल्या होत्या. गोळ्यांनी चकतीवर खड्डे पाडलेत, नखाला लागतात. नवा शाफ्ट, दोन्ही थ्रस्ट बेअरिंग आणि डॅम्पर (शाफ्टभोवतीच्या रबरी कड्या) मागवतोय.

गिअर_आणि_मी
थ्रस्ट बेअरिंगला ग्रीस भरा. बोल्टचे आटे अल्कोहोलने पुसून मग निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), अगदी थेंबभर. ते बेअरिंगमध्ये गेलं तर बेअरिंग गेलं.

आडवा_वारा
आज उडवली. स्किड स्वच्छ दिसतात! सगळ्यांचे, विशेषतः गिअर यांचे मनापासून आभार. शेपटी मात्र अजून किंचित डुलते, सावकाश. शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारा स्लायडर बोटाने ढकलला तर सर्वो न हलता अर्धा मिलिमीटर सरकतो.

गिअर_आणि_मी
स्लायडरचा बुश झिजलाय. बदला.

निळाई
आता तरी गेन दहा टक्के उतरवून बघा.