सहा वॉर्डांत ड्युटी रोस्टर बदलायचं आहे: परिणाम नीट मोजायचा कसा?

वॉर्ड_सुधारणा

नमस्कार. रुग्णालयातल्या सहा वॉर्डांत, प्रत्येकी साधारण २५ नर्सेस आणि सहायक कर्मचाऱ्यांसाठी, दोन बदल करायचे आहेत. एक, दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तासांचं अंतर. दोन, रोस्टर चार आठवडे आधी लावायचं आणि लावल्यावर शक्यतो बदलायचं नाही. कर्मचाऱ्यांची तब्येत, थकवा आणि रुग्णसेवा यांवर याचा काय परिणाम होतो, हे वर्षभरात कळायला हवं.

सध्याची योजना अशी: ज्या तीन वॉर्डांत आजारपणाच्या रजा सर्वांत जास्त, तिथे बदल करायचा आणि उरलेल्या तिघांशी तुलना करायची. बर्नआउटची (कामाने येणाऱ्या थकव्याची) प्रश्नावली आधी आणि सहा महिन्यांनी भरून घ्यायची. यात काय चुकतंय? १५० माणसं पुरतील का? कोणती प्रश्नावली घ्यावी? नाव न विचारता आधीची आणि नंतरची उत्तरं एकमेकांना कशी जोडावीत? आणि रुग्णांच्या बाजूने काय मोजावं?

आकडेमोड

सर्वांत वाईट तीन वॉर्ड निवडू नका. ज्या तिमाहीत एखाद्या वॉर्डात रजांचा कळस झालेला असतो, त्यानंतर काहीही न करता रजा कमी होतात, कारण त्या उंचीत योगायोगाचा वाटा असतो. ती घसरण तुमच्या रोस्टरच्या खात्यावर जमा होईल.

‘ज्यांना हवं त्यांनी सामील व्हा’ हाही मार्ग नको. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांवर वेलनेस कार्यक्रमाचा प्रयोग झाला. भाग घेणाऱ्यांची तुलना न घेणाऱ्यांशी केली तर कार्यक्रम फार फायद्याचा दिसत होता. तीच तुलना चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांमध्ये केल्यावर त्यातला बहुतेक फायदा नाहीसा झाला. आधीच निरोगी असलेली माणसंच पुढे आली होती.

आता संख्या. समजा डब्ल्यूएचओ-५ या मनःस्वास्थ्याच्या प्रश्नावलीवर (० ते १०० गुण) १० गुणांचा फरक पकडायचा आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांतला गुणांचा फैलाव, २० आहे. ८० टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्स (फरक नसताना तो आहे असं ठरवण्याची जोखीम) धरून ढोबळ सूत्राने प्रत्येक गटात १६ × (२०/१०)² = ६४ माणसं लागतात. पण हे झालं सुट्या माणसांसाठी. एका वॉर्डातली माणसं एकाच इन्चार्जखाली, एकाच कामाच्या ओझ्याखाली असतात, त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. वॉर्डांतर्गत साधर्म्य, म्हणजे आयसीसी, ०.०५ धरलं तर वाढ १ + (२५ − १) × ०.०५ = २.२ पट. ६४ चे १४१ झाले, म्हणजे प्रत्येक बाजूला सहा वॉर्ड. गळती, म्हणजे मधेच उत्तरं देणं सोडणारे, अजून धरलेलीच नाही. तुमच्याकडे एकूणच सहा आहेत. माणसं १५० असली तरी हिशेबात मोजायचे ते वॉर्ड.

तीन विरुद्ध तीन करण्यात आणखी एक अडचण आहे. सहातून तीन निवडण्याचे मार्ग फक्त २०. चिठ्ठ्या वेगळ्या पडल्या असत्या तर काय दिसलं असतं, ते सगळे मार्ग ताडणारी दुतर्फी परम्युटेशन चाचणी केली, तर सर्वांत चांगल्या निकालालाही पी-मूल्य (फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) ०.१ च्या खाली जाऊ शकत नाही, आणि आपली मर्यादा ०.०५ ची. म्हणजे अभ्यास सुरू होण्याआधीच निकाल ठरलेला.

म्हणून स्टेप्ड-वेज रचना घ्या, म्हणजे बदल टप्प्याटप्प्याने सगळ्या वॉर्डांत न्या. पहिली मोजणी सगळ्या सहा वॉर्डांत. त्यानंतर लगेच दोन वॉर्डांत बदल, तिसऱ्या महिन्यात सगळीकडे मोजणी, मग पुढचे दोन, सहाव्या महिन्यात मोजणी, शेवटचे दोन, नवव्या महिन्यात शेवटची मोजणी. चार फेऱ्या, नऊ महिने. क्रमाच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा. असे क्रम ९० होतात, त्यामुळे चाचणीला निदान वाव राहतो. शिवाय प्रत्येक वॉर्ड स्वतःशीही ताडला जातो आणि शेवटी बदल सगळ्यांनाच मिळतो. यामुळे वॉर्डांची संमतीही सोपी होते.

विश्लेषणात काळाचा परिणाम वेगळा धरायलाच हवा, कारण या रचनेत बदल झालेल्या मोजण्या नंतरच्या असतात. तो सोडला तर साथीचा मोसम ओसरल्याचं श्रेयही रोस्टर घेऊन जाईल. आणि सहाच वॉर्ड असल्यामुळे फरकाचा अंदाज आणि तो किती वर-खाली असू शकतो ते द्या, नुसतं ‘सिद्ध झालं, नाही झालं’ लिहू नका.

प्रश्नावली_ताई

बर्नआउटसाठी सगळे मास्लाक प्रश्नावलीचं नाव घेतात. २२ प्रश्न, तीन वेगळे भाग: भावनिक थकवा ९, माणसांपासून तुटलेपण ५, कामातली कर्तबगारी ८. तिला परवाना आणि पैसे लागतात. तिन्ही भागांची एकत्र बेरीज करू नका, तसा एकच आकडा त्यातून निघत नाही. कोपनहेगन बर्नआउट प्रश्नावली मोफत आहे: १९ प्रश्न, वैयक्तिक थकवा ६, कामाचा ७, रुग्णांसोबतच्या कामाचा ६, प्रत्येक भाग ० ते १००. चार फेऱ्यांसाठी मी तिचे कामाचे ७ प्रश्न आणि डब्ल्यूएचओ-५ एवढंच घेईन. एकूण १२ प्रश्न, हँडओव्हरनंतर (काम पुढच्या पाळीकडे सोपवल्यावर) पाच मिनिटांत होतात. लांब प्रश्नावली तिसऱ्या फेरीला कोरी परत येते.

डब्ल्यूएचओ-५ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकी ० ते ५. बेरीज गुणिले ४ म्हणजे ० ते १००. १० गुणांचा बदल अर्थपूर्ण मानतात.

भाषांतर घाईने करू नका. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करावं, तिसऱ्याने मूळ न पाहता ते परत मूळ भाषेत आणावं, मग आठ-दहा कर्मचाऱ्यांना मोठ्याने विचार करत भरायला सांगावं. गडबड याच टप्प्यावर सापडते. ‘शांत आणि निवांत वाटलं’ या विधानातला ‘निवांत’ कामाच्या जागी ‘काम नव्हतं’ असा ऐकू येतो, आणि भरलेल्या वॉर्डात कुणी त्याला होकार देत नाही. तिथे ‘मनाला स्वस्थता’ जवळचं पडतं.

जोडणीसाठी प्रत्येकाने स्वतःचा कोड बनवावा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला फक्त दिवस, थोरल्या भावंडांची संख्या, स्वतःच्या नावाचं शेवटचं अक्षर. लोक कधी माहेरचं नाव घेतात कधी सासरचं, कधी ‘श’ कधी ‘स’. त्यामुळे एका घटकाचा फरक असला तरी जुळणी मान्य करायची, हा नियम आधीच लिहून ठेवा. कागद इन्चार्जच्या हातात जाऊ नयेत, बंद पेटी हवी. १० पेक्षा कमी उत्तरं असलेल्या कुठल्याही गटाचा आकडा जाहीर करू नका. ‘पुरुष सहायक, वॉर्ड चार’ म्हणजे थेट माणसाचं नाव झालं.

निनावी फॉर्ममध्ये कुणाचे गुण फार खाली आले तरी त्या व्यक्तीपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून समुपदेशनाची माहिती प्रत्येक फॉर्मसोबत, सगळ्यांना द्या. नैतिक समितीही हेच पहिलं विचारेल.

पाळीपत्रक

वरचं सगळं ठीक, पण माणसांचं मन मोजण्याआधी रोस्टर मोजा. बदल खरंच झाला का, हेच अनेकदा कुणी तपासत नाही. लावलेलं रोस्टर घेऊ नका, हजेरीतल्या प्रत्यक्ष येण्या-जाण्याच्या वेळा घ्या. कागदावर संध्याकाळची ड्युटी ८ ला सुटते आणि सकाळची ७ ला लागते, अंतर ११ तास. हँडओव्हर आणि नोंदी उरकून माणूस ९ ला निघतो, उरतात १० तास. प्रत्येक वॉर्डासाठी दर महिन्याला चार आकडे काढा: ११ तासांपेक्षा कमी अंतर किती वेळा, सलग तीनपेक्षा जास्त नाइट किती जणांना, रोस्टर लावल्यावर बदल किती, जादा तास किती.

शेवटचा आकडा विसरू नका. नियम पहिल्यांदा मोडतो तो कुणी अचानक आजारी पडल्यावर, आणि तो टिकवायचा म्हणून ओझं जादा तासांवर ढकललं जातं. रजेची जागा कोण भरणार, हे सुरू करण्याआधी ठरवा. आणखी एक: काहीजणांना संध्याकाळनंतर लगेच सकाळची ड्युटी हवी असते, कारण त्यामुळे पुढची सुट्टी सलग मिळते. त्यांना न विचारता नियम लावला तर विरोध तिथूनच येईल.

रजांमध्ये दिवस आणि वेळा दोन्ही मोजा. एका माणसाची ६० दिवसांची शस्त्रक्रियेची रजा २५ जणांच्या वॉर्डाची सरासरी बिघडवते. १ ते ३ दिवसांच्या छोट्या रजा वेगळ्या काढा, प्रसूती रजा वगळा.

रुग्णांच्या बाजूने रुग्ण खाली पडण्याच्या घटना दर १,००० खाट-दिवसांमागे मोजा, पण त्यातून फार अपेक्षा नको. २५ खाटा, ९० टक्के भरलेल्या, ३० दिवस म्हणजे ६७५ खाट-दिवस. दर ३ असला तर महिन्याला दोन घटना. यात फरक दिसणं अवघड, महिन्यागणिक आलेख ठेवा तेवढा पुरे. त्यापेक्षा ‘राहून गेलेली कामं’ विचारा: कूस बदलणं, वेळेवर औषध, घरी जाताना समजावून सांगणं. आणि चुकांची नोंद वाढली तर घाबरू नका. माणसं थोडी सावरली, भीती कमी झाली की न लिहिलेल्या चुका लिहिल्या जातात. म्हणून नोंदींमध्ये इजा झालेल्या आणि न झालेल्या वेगळ्या ठेवा.

वॉर्ड_सुधारणा

खूप आभार. एकच राहिलं: नर्सेस एका वॉर्डातून दुसऱ्यात मदतीला जातात. त्यांना कुठे धरायचं?

आकडेमोड

पहिल्या मोजणीच्या दिवशी ज्या वॉर्डाच्या यादीत नाव, त्या वॉर्डातच, शेवटपर्यंत. नंतर बदली झाली तरी. महिन्याला किती तास बाहेरच्या वॉर्डात गेले, ते हजेरीतून काढून सोबत द्या. समजा पाचवा भाग तास बाहेर गेले, तर दिसणारा फरक खऱ्यापेक्षा कमीच असेल, आणि तसं अहवालात लिहा. बदललेल्या आणि न बदललेल्या वॉर्डांमध्ये अशी देवाणघेवाण नऊ महिने थांबवता आली तर उत्तम. निदान चिठ्ठ्या काढताना नेहमी एकमेकांना माणसं देणारे दोन वॉर्ड एकाच टप्प्यात टाका, पण मग एक जोडी बांधली तर क्रम ९० ऐवजी १८ उरतात, तिन्ही बांधल्या तर सहाच. त्यामुळे अशी जोडी एखादीच असेल तर हे करा, तिन्ही जोड्या बांधू नका.