गच्चीचं पाणी थेट बोअरमध्ये? हा सल्ला मागे घ्या

जुळेसोलापूरकर
काल इथे एकाने लिहिलं, ‘गच्चीच्या पाइपला एल्बो लावा, पाणी सरळ बोअरमध्ये सोडा, फिल्टरचा खर्च वाया.’ लोकांनी वाहवा केली, म्हणून सविस्तर लिहितोय. आपल्या सोलापुरात बोअरला पाणी येतं ते काळ्या पाषाणातल्या बारीक भेगांतून. गच्चीवरची धूळ, पारव्यांची घाण आत गेली की त्याच भेगा बुजतात. नंतर फ्लशिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बोअर साफ करूनही झरा परत लागेल याची खात्री नाही.
1,000 चौरस फूट गच्ची म्हणजे 93 चौरस मीटर. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा, 20 टक्के सोडून द्या, तरी 40,000 लिटर होतं. उभ्या पाइपला खाली टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह बसवा, पहिल्या पावसाचं 100 ते 200 लिटर पाणी बाहेर काढा. मग बोअरच्या आधी फिल्टर म्हणून 200 लिटरचं पिंप: तळाला 40 मिलिमीटरची खडी, त्यावर 20 ची, मग लाकडी कोळसा, वर जाड वाळू. प्रत्येक थरामध्ये नायलॉन जाळी.

एल्बोवाला
पोस्ट माझीच. पिंपं बसवणारे धुतात का ओ? वाळूवर चिखलाची साय धरते, पाणी गच्चीवर तुंबतं, मग लोकच पाइप काढून टाकतात.

मुरूम
तुंबतं ते ओव्हरफ्लो ठेवत नाहीत म्हणून. तासात 50 मिलिमीटर पडला तर या गच्चीवरून साडेचार हजार लिटर येतं. एका पिंपाची वाळू तेवढं कुठून सोडणार? वरच्या बाजूला 4 इंची ओव्हरफ्लो काढा, शोषखड्ड्यात सोडा. खड्डा काळ्या मातीतच संपवू नका, मुरूम लागेपर्यंत खणा.
आणि कोळसा काढा. त्याचा चुरा होतो, जाळी फाटली की बोअरमध्ये जातो.

जुळेसोलापूरकर
वाळूखाली दाबलेला कोळसा हलत नाही. वास धरतो तो.

मुरूम
किती दिवस धरतो? भरला की संपला, आणि बदलायला वरची सगळी वाळू उपसावी लागते. कोण उपसतंय दरवर्षी? वाळूचा वरचा दोन इंच थर खरवडून धुतला तरी पुष्कळ झालं.

पूर्वभाग
कोळशावर काय भांडालाव! पाणी मुरवायला केसिंगला, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातल्या पाइपला, भोकं पाडून भोवती खड्डा करतात, त्याचं बोला. शेजारी सेफ्टी टँक किंवा फुटकी गटार असली तर मैला थेट बोअरमध्ये. 50 फुटांच्या आत असेल तर केसिंगला हात लावू नका. आमच्याकडे गटारीत डाइंगचं रंगीत पाणीही असतं. आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं पाणी बोअरला देऊच नका, पांढरी माती उतरते.

एल्बोवाला
बरं, थेट सोडायचं वाक्य काढतो. भेगांचं पटलं. पण व्हॉल्व्ह पहिल्या पावसात उघडायला घरात कोणी नसलं तर?

मुरूम
6 इंची उभा पाइप लावा, तळाला टोपी, टोपीला बारीक भोक. आधी तो भरतो, मग पाणी फिल्टरकडे वळतं, नंतर आपोआप रिकामा होतो. 10 फुटांत पावणेदोनशे लिटर मावतात.

जुळेसोलापूरकर
मावत नाहीत. 55 च्या आसपास. तीन लावा.

मुरूम
हिशेब चुकला, 55 बरोबर. कोळसा मात्र काढाच.