आदिबुद्ध म्हणजे मागल्या दाराने आलेला देवच ना?

कृष्णाकाठ (कराड):
भाचा कर्नाटकातल्या बायलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतून तिबेटी चित्राचं कॅलेंडर घेऊन आला. गडद निळा रंग, अंगावर ना वस्त्र ना दागिना. आई म्हणाली, "शंकर का रे हा?" तर म्हणे समंतभद्र, आदिबुद्ध, म्हणजे सगळ्यांच्या आधीचा, मुळातलाच बुद्ध! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आम्ही बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञांच्या घरात वाढलो. लहानपणापासून आगाशिवच्या लेण्यांत जातो, तिथल्या स्तूपापुढे 'विश्वाआधी कोण' असा प्रश्न कधी पडला नाही. बुद्ध माणूस होता, मार्ग दाखवणारा होता. कधीच अज्ञानात न पडलेला बुद्ध म्हणजे देवालाच चीवर नेसवलं की!

माणदेशी:
शंभर टक्के. संसाराचा आरंभ सापडत नाही, असं पाली सुत्तांत भगवंतच सांगतात. मग आद्य कोण? थेरवादात (पाली परंपरेत) 28 बुद्धांची नावं आहेत, पण त्यातला प्रत्येक जण आधी साधा जीवच होता.

सांगलीची हळद:
थांबा जरा. तिबेटी बौद्धांच्या न्यिंगमा परंपरेतला समंतभद्र जग घडवत नाही, कुणाचा निवाडा करत नाही, नवसाला पावत नाही. चित्ताच्या मूळच्या स्वच्छतेलाच तिथे चेहरा दिलाय. दागिने नाहीत, कारण वरून काही चढवलेलंच नाही. (काग्यू-गेलुग या दुसऱ्या तिबेटी परंपरांत त्या जागी वज्रधर हा बुद्ध, तो मात्र दागिन्यांनी मढलेला.) आमच्याकडे हळद शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात. पिवळेपणा काही पॉलिशने येत नाही.

माणदेशी:
आत होताच, तर शिजवायची कशाला? महायानसूत्रालंकार हा महायान पंथाचा ग्रंथ वाचा. पुण्य आणि ज्ञान साठवल्याशिवाय बुद्धत्व नाही, म्हणून आदिबुद्धही नाही, असं त्यात साफ म्हटलंय. महायानाचाच घरचा आहेर!

सांगलीची हळद:
कच्ची हळद सडते दादा, म्हणून शिजवायची! आणि तो ग्रंथ काळातला पहिला बुद्ध नाकारतो. मी काळाबद्दल बोलतच नाहीये.

कृष्णाकाठ:
ताई, निम्मं पटलं. पण इंडोनेशियात काय झालं बघा. तिथल्या राज्यतत्त्वांत (नाव त्यांचंही पंचशीलच) एका ईश्वरावरची श्रद्धा आहे. 1965 नंतर ईश्वर मानण्याचं ते प्रकरण तापलं, तेव्हा तिथल्या भिक्खू जिनरक्खितांनी 'संघ्यांग आदिबुद्ध' पुढे केला. सरकारला देव हवा होता, मिळाला.

सांगलीची हळद:
ते राजकारण झालं. त्याचं खापर समंतभद्राच्या डोक्यावर का?

कृष्णाकाठ:
कारण काल आईने त्या कॅलेंडरसमोर उदबत्ती लावली आणि माझ्या दहावीतल्या पोरीच्या पेपरासाठी हात जोडले.